कुत्र्याच्या तोंडून सांगितलेला चित्रपट : रडवले खरे, पण पटले का?

उंबरठा (धागाकर्ता)

नमस्कार. मागच्या आठवड्यात घरातले सगळे झोपल्यावर मी 'द आर्ट ऑफ रेसिंग इन द रेन' हा २०१९ सालचा इंग्रजी चित्रपट पाहिला. तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळत आहे, म्हणून हा धागा काढत आहे. पुढच्या मजकुरात कथा शेवटासकट आली आहे, तेव्हा ज्यांना चित्रपट पाहायचा आहे त्यांनी तो आधी पाहावा आणि मग येथे यावे.

ज्यांनी पाहिलेला नाही पण पाहणारही नाहीत, त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. डेनी हा मोटार शर्यतीत नाव कमावू पाहणारा तरुण एक पिलू घरी आणतो आणि फेरारी गाड्यांचे जनक एन्झो फेरारी यांच्या नावावरून त्याचे नाव एन्झो ठेवतो. पुढे डेनीच्या आयुष्यात ईव्ह येते, लग्न होते, झोई नावाची मुलगी होते. मग ईव्हला मेंदूचा कर्करोग होतो, ती जाते, आणि तिचे आईवडील नातीचा ताबा मिळवण्यासाठी जावयाला न्यायालयात खेचतात. ही सगळी हकीगत एन्झोच आपल्याला सांगतो. त्याच्या मनातले बोलणे केव्हिन कॉस्नर या नटाच्या जाड, किंचित घोगऱ्या आवाजात ऐकू येते. पडद्यावरचा कुत्रा तोंड हलवत नाही, घरातल्या कोणाला काही ऐकू येत नाही, ऐकतो तो फक्त प्रेक्षक.

मी रडलो, हे आधीच कबूल करतो. आमचा भुऱ्या बारा वर्षांचा आहे. चित्रपट चालू असताना तो माझ्या पायाशी घोरत होता, आणि शेवटी शेवटी तर माझे अर्धे लक्ष पडद्याकडे आणि अर्धे त्याचे पोट वरखाली होते आहे ना, याकडे होते. सकाळी मात्र कोणीतरी खिशात हात घालून काहीतरी काढून नेल्यासारखी चिडचिड झाली. आजारी आई, अनाथ होऊ घातलेली मुलगी, म्हातारा कुत्रा, इतक्या गोष्टी एका ताटात वाढल्यावर कोण रडणार नाही? मग मला जे रडू आले ते चित्रपटाचे की भुऱ्याचे, हेच मला ठरवता येईना.

म्हणून विचारतो. कुत्र्याला निवेदक केल्याने या कथेला असे काही मिळते का, जे एरवी मिळाले नसते? की तो केवळ डोळ्यांत पाणी आणण्याचा सोपा मार्ग आहे? आणि दुसरा, घरगुती प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, भुऱ्या तिच्या जन्माच्या आधीपासून घरात आहे, आणि तिला हा चित्रपट पाहायचा आहे. दाखवावा का?

जुना वाचक

तुमची सकाळची चिडचिड मला रात्रीच्या रडण्याइतकीच खरी वाटते, आणि दोन्हींचे कारण चित्रपटाच्या बांधणीतच आहे असे माझे मत आहे.

चित्रपटाची सुरुवात आठवून पाहा. म्हातारा एन्झो जमिनीवर पडलेला आहे, त्याच्याखाली ओल आहे, त्याला उठता येत नाही आणि तो डेनीची वाट पाहतो आहे. त्यानंतर आपण मागे जातो आणि पिलू दिसते. पिलू धडपडते, कान त्याच्यापेक्षा मोठे, पण आवाज मात्र त्याच म्हाताऱ्याचा. म्हणजे पडद्यावर जे बालपण चालले आहे ते ऐकताना आपल्या कानात त्याचे म्हातारपण आधीपासून बसलेले असते. कुत्र्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे, माणसाचे त्याच्या कितीतरी पट. या विषमतेवर एकही वाक्य न बोलता केवळ आवाजाच्या वयातून ती जाणवून देणे ही मला या चित्रपटातली सर्वांत चांगली युक्ती वाटली. 'युक्ती' हा शब्द मी वाईट अर्थाने वापरत नाही.

आता दुसरी बाजू. प्राण्याच्या तोंडून माणसांची गोष्ट सांगण्याची रीत जुनी आहे. स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेस यांनी १६१३ साली दोन कुत्र्यांचा संवाद लिहिला. १८७७ साली इंग्रज लेखिका अ‍ॅना स्यूअल यांची घोड्याने सांगितलेली आत्मकथा आली, आणि तिचा हेतू घोड्यांना मिळणाऱ्या वागणुकीकडे लक्ष वेधणे हा होता. टॉल्स्टॉय यांच्या एका कथेतला म्हातारा घोडा तर 'माझे' या शब्दाने चक्रावून जातो : माणसे जमिनीला, हवेला, दुसऱ्या माणसांना आणि मलाही 'माझे' म्हणतात, याचा अर्थ काय, हे त्याला कळत नाही. व्हिक्टर श्क्लोव्स्की या रशियन समीक्षकाने १९१७ च्या आपल्या निबंधात परिचित गोष्ट अपरिचित करून दाखवण्याचे उदाहरण म्हणून हीच कथा घेतली. मुद्दा असा की, प्राणी निवेदक झाला की त्याची ताकद त्याला काय कळते यात नसते, त्याला काय कळत नाही यात असते.

आणि एन्झोला फार कळते. त्याला शर्यतीचे डावपेच कळतात, नात्यांतले ताण कळतात, माणसाने संकटात कसे वागावे हे कळते. तो टीव्हीसमोर बसून शर्यती पाहतो, आणि मंगोलियावरचा एक माहितीपट पाहून त्याला समजते की तयारी झालेला कुत्रा पुढच्या जन्मी माणूस होतो. (पुनर्जन्म आपल्याला घरचाच, पण त्याला इतका लांबचा वळसा घालून येताना पाहून मला हसू आले.) नजर जिथे असते तिथे गाडी जाते, हा शर्यतीतला धडा तो आयुष्याला लावून दाखवतो तेव्हा मला कुत्रा ऐकू येत नाही, भिंतीवरची दिनदर्शिका ऐकू येते. तुमच्या खिशात हात घातला गेला तो याच ठिकाणी, असा माझा अंदाज आहे. तुमच्या मनात जे आपोआप उमटले असते ते निवेदकाने शब्दांत मांडून तुमच्या हाती ठेवले.

या उलट, २०१७ साली आलेल्या 'अ डॉग्ज पर्पज' या चित्रपटातला कुत्रा, ज्याला जॉश गॅड यांचा आवाज आहे, बऱ्याच वेळा चुकीचे समजतो. तोही जन्मामागून जन्म घेतो आणि तोही रडवतो, पण माणसे एकमेकांचे चुंबन घेतात तेव्हा ती एकमेकांच्या तोंडात काही खाण्याचे शोधत आहेत की काय, अशा धर्तीची त्याची समजूत असते. चित्रपट म्हणून तो मला अधिक पसरट वाटला, पण त्यातला निवेदक अधिक कुत्रा आहे.

असे असूनही एका प्रसंगासाठी मी एन्झोच्या बाजूने उभा राहीन. ईव्हचा आजार त्याला सर्वांच्या आधी कळतो, आणि तो वासावरून कळतो. डॉक्टरांना ठाऊक नाही, नवऱ्याला ठाऊक नाही, तिला स्वतःला ठाऊक नाही, घरात एकटा कुत्रा ते जाणतो आणि सांगू शकत नाही. एन्झो सुरुवातीलाच सांगतो की त्याच्याजवळ शब्द नाहीत, फक्त हावभाव आहेत. त्या तक्रारीचे वजन या प्रसंगी कळते. ही गोष्ट शेजाऱ्याच्या, मुलीच्या किंवा सर्वज्ञ निवेदकाच्या तोंडून सांगितली असती तर हा प्रसंग उभाच राहिला नसता. तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर म्हणून 'होय' असे आहे, पण ते एवढ्या एका प्रसंगापुरते. बाकीच्या चित्रपटाने त्या प्रसंगाच्या उधारीवर दिवस काढले आहेत.

पंजा

मी अनेक वर्षे कुत्र्यांना शिकवण्याचे काम करते, त्यामुळे असे चित्रपट पाहताना माझे लक्ष कथेपेक्षा कुत्र्याच्या कानांकडे आणि शेपटीच्या मुळाकडे जास्त असते. 'जुना वाचक' यांनी वासाचा प्रसंग काढला म्हणून तिथूनच सुरुवात करते.

कुत्र्याला आजाराचा वास येतो हे लेखकाच्या डोक्यातून निघालेले नाही. २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यात सहा कुत्र्यांना मूत्राच्या वासावरून मूत्राशयाचा कर्करोग ओळखायला शिकवले गेले. प्रत्येक वेळी सात नमुने समोर असत आणि त्यांतला एकच रुग्णाचा असे. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता सुमारे १४ टक्के होती, आणि कुत्र्यांनी ५४ पैकी २२ वेळा, म्हणजे सुमारे ४१ टक्के वेळा, अचूक नमुना निवडला. हा आकडा चमत्कार म्हणण्याइतका मोठा नाही, पण अंदाजाच्या जवळपास तिप्पट आहे. मात्र त्या कुत्र्यांना काही महिने शिकवावे लागले होते आणि योग्य नमुन्यापुढे खूण करायची हे त्यांना माहीत होते. घरातल्या कुत्र्याला वेगळा वास आला तरी तो वास म्हणजे मृत्यू, हे त्याला कोण सांगणार? एन्झोला वास येणे मला पूर्ण पटते, त्याचा अर्थ त्याला लागणे पटत नाही. आणि खरे सांगायचे तर अर्थ न लागता नुसता वास आला असता, आणि ईव्ह जवळ आली की तो अस्वस्थ होऊन तिच्या केसांशी नाक नेत राहिला असता, तर तो प्रसंग मला अधिक अंगावर आला असता.

टीव्हीचेही असेच आहे. कुत्र्याचा डोळा लुकलुकणारा प्रकाश आपल्यापेक्षा जलद टिपतो, त्यामुळे जुन्या काचेच्या टीव्हीवरचे चित्र आपल्याला सलग दिसले तरी त्याला ते थरथरताना दिसत असावे. आताच्या सपाट पडद्यांवर ही अडचण बरीच कमी झाली आहे आणि म्हणून अनेक कुत्री हल्ली खरोखर टीव्ही पाहतात. रंगांची गंमत मात्र मोठी आहे. कुत्र्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, त्याला निळा आणि पिवळा चांगला कळतो, लाल रंग मात्र मळकट तपकिरीसारखा दिसतो. फेरारी म्हटले की जो लाल रंग डोळ्यांपुढे येतो, तो ज्याला आपण एन्झो म्हणतो त्याला कधी दिसलाच नसणार. निवेदकाने आयुष्यभर ज्याची भक्ती केली त्याचा रंगच त्याला माहीत नाही, ही कल्पना चित्रपटकर्त्यांना सुचली असती तर मी त्यांचे सगळे सुविचार माफ केले असते.

आता चेहऱ्याबद्दल, कारण माझ्या मते रडू आवाजामुळे नव्हे तर चेहऱ्यामुळे येते. २०१९ सालीच एक शरीररचनेचा अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्यात कुत्रे आणि लांडगे यांच्या चेहऱ्यांचे स्नायू तपासले होते. भुवईचा आतला कोपरा वर उचलणारा स्नायू कुत्र्यांमध्ये ठळक असतो आणि लांडग्यांमध्ये जवळजवळ नसतोच. ती भुवई वर गेली की डोळा मोठा आणि दुःखी दिसतो, अगदी रडवेल्या मुलासारखा. हजारो वर्षे माणसाच्या सहवासात राहून कुत्र्याचा चेहराच आपल्या डोळ्यांना भिडेल असा घडत गेला असावा, असे अभ्यासकांचे म्हणणे होते. म्हणजे कॅमेरा जवळ नेला की अर्धे काम निसर्गाने आधीच करून ठेवलेले असते.

उरलेले अर्धे काम दृश्यांची जोडणी, म्हणजे संकलन, करते. चित्रीकरणाच्या वेळी कुत्रा जे पाहतो ते मृत्युशय्येवरची मालकीण नसते, तर कॅमेऱ्याच्या शेजारी उभ्या असलेल्या प्रशिक्षकाच्या मुठीतला खाऊ असतो. मान तिरकी होते ती खाऊ डावीकडून उजवीकडे गेला म्हणून. रशियन दिग्दर्शक कुलेशॉव्ह यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले होते की एकाच निर्विकार चेहऱ्याला वेगवेगळ्या दृश्यांशेजारी ठेवले की प्रेक्षकाला त्यात कधी भूक दिसते, कधी शोक दिसतो. कुत्र्याच्या चेहऱ्याला कॉस्नर यांचा आवाज जोडणे हा त्याच प्रयोगाचा पुढचा भाग आहे. आपण घरीही तेच करतो. २००९ साली एका संशोधिकेने कुत्र्यांचा 'अपराधी चेहरा' तपासला, तेव्हा तो चेहरा कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही यावर अवलंबून नसून मालक रागावला की नाही यावर अवलंबून असल्याचे आढळले. काही न केलेली कुत्रीसुद्धा रागावल्यावर तसाच चेहरा करत होती. मी स्वतः माझ्या पहिल्या कुत्रीला वर्षभर अशा गोष्टींसाठी रागावत होते ज्या तिने केल्याच नव्हत्या, आणि तिचा चेहरा पाहून मला खात्री असे की तिनेच केल्या आहेत. एकदा चपलेचा पट्टा माझ्या भाच्याने कापला होता हे सहा महिन्यांनी कळले. तिला सॉरी म्हणून काही उपयोग नव्हता, पण मी म्हटले.

म्हणून 'उंबरठा', तुमच्या त्या प्रश्नाला माझे उत्तर असे की रडू भुऱ्याचेच होते. कुत्र्यासोबत राहणारा प्रत्येक माणूस मनातल्या मनात त्याला आवाज देतच असतो. चित्रपटाने फक्त तो आवाज जरा भारी निवडला.

तिरकस

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचून ज्ञानात भर पडली, तरीही मला या प्रकारच्या चित्रपटांची चीडच येते, आणि ती का येते हे सांगतो.

या चित्रपटांतल्या कुत्र्याला स्वतःचे असे काही हवेच नसते. त्याला मालक यशस्वी व्हायला हवा, मालकाचे लग्न टिकायला हवे, मालकाची मुलगी परत यायला हवी. एन्झोला तर पुढच्या जन्मी माणूस व्हायचे आहे, म्हणजे कुत्रेपणाची त्याची सर्वोच्च आकांक्षा कुत्रे नसणे ही आहे. आपण आपल्याच कौतुकाचे भाषण लिहिले, ते एका चांगल्या नटाकडून वाचून घेतले आणि कुत्र्याच्या चेहऱ्यावर चिकटवले. याला निष्ठा म्हणायचे असेल तर ती आपली आपल्यावरची निष्ठा आहे.

महाभारताच्या दोन टोकांना दोन कुत्रे आहेत. शेवटी युधिष्ठिराच्या मागे चालत जाणारा कुत्रा सर्वांना ठाऊक आहे. तो संपूर्ण वाटेवर एक शब्द बोलत नाही, आणि जेव्हा धर्म बोलतो तेव्हा तो कुत्रा राहिलेला नसतो. सुरुवातीची सरमा मात्र फार थोड्यांना आठवते. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे सत्र चालू असताना तिचे पिलू तिथे जाते आणि जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे येते. सरमा थेट यज्ञमंडपात जाऊन विचारते की माझ्या मुलाने हविष्याकडे, म्हणजे यज्ञात अर्पण करायच्या अन्नाकडे, पाहिलेसुद्धा नाही, चाटले तर नाहीच, मग त्याला का मारले? कोणी उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते की ज्याने अपराध केला नाही त्याला तुम्ही मारले, म्हणून न दिसणारे भय तुमच्यावर येईल. बोलणारी कुत्री असावी तर अशी. तिला माणसाबद्दल तक्रार आहे, ती तक्रार रास्त आहे, आणि राजालाही ती ऐकून घ्यावी लागते. 'पंजा' यांच्या न केलेल्या गुन्ह्यासाठी बोलणी खाणाऱ्या कुत्रीला वाचा फुटली असती तर तीही कदाचित हेच बोलली असती.

आणि ज्यांना मुका निष्ठावंत हवा असेल त्यांच्यासाठी हाचिको आहेच. त्याचे मालक प्राध्यापक उएनो १९२५ च्या मे महिन्यात अचानक वारले आणि हा कुत्रा १९३५ च्या मार्चमध्ये स्वतः मरेपर्यंत टोकियोतल्या शिबुया स्थानकावर येत राहिला. १९३४ साली तिथे त्याचा पुतळा उभारला गेला तेव्हा अनावरणाला तो स्वतः हजर होता. आपल्याच पुतळ्याशेजारी बसलेल्या त्या कुत्र्याच्या मनात काय होते हे कोणी सांगितले नाही, आणि म्हणूनच शंभर वर्षे लोक त्याच्याबद्दल बोलत आहेत. तिथे निवेदन घातले की गोष्ट संपली.

जुना वाचक

'तिरकस' यांच्या सरमेपुढे मी निरुत्तर आहे, पण हाचिकोबद्दल एक हरकत नोंदवतो. त्याच्या मनात काय होते हे कोणी सांगितले नाही असे नव्हे, सगळ्यांनीच सांगितले. वर्तमानपत्रांनी सांगितले, शिक्षकांनी मुलांना सांगितले. निवेदन तिथेही आहे, फक्त ते कुत्र्याच्या नावावर केलेले नाही.

शिवाय कथेच्या न्यायालयीन भागात निवेदकाच्या मुकेपणाचा उपयोग झाला आहे हे मान्य करायला हवे. चित्रपटात सासऱ्याशी झटापट होते, तो पडतो आणि डेनीवर मारहाणीचा आरोप येतो. मूळ कादंबरीत, जी गार्थ स्टाइन यांनी २००८ साली लिहिली, आरोप याहून कितीतरी घाणेरडा आणि साफ खोटा आहे. कुटुंबाने एकत्र पाहायचा चित्रपट म्हणून तो बदलला असावा. दोन्हीकडे घरात काय घडते हे जवळून पाहणारा एक जण आहे आणि त्याची साक्ष कोणी घेणार नाही. कादंबरीत ही घुसमट चांगली पोहोचते. चित्रपटाने आरोप सौम्य केला आणि त्याबरोबर साक्षीदाराची तडफडही सौम्य झाली. जाता जाता, कादंबरीतला एन्झो मिश्र जातीचा आहे आणि चित्रपटातला सोनेरी केसांचा गोल्डन रिट्रीव्हर. पोस्टरवर कोण शोभेल याचा निर्णय कुठल्या खोलीत झाला असेल याची मी कल्पना करू शकतो.

सायंतारा

मंडळी, दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलेच नाही, म्हणून मी लिहिते. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना आमचा कुत्रा गेला आणि त्याच्या पुढेमागेच आम्ही हा चित्रपट पाहिला होता, तेव्हा हे अनुभवाचे बोल आहेत.

पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याजोगा, अशा वर्गात अमेरिकेत या चित्रपटाला प्रमाणपत्र मिळाले होते, आणि ते योग्य आहे. रक्तपात वगैरे काही नाही. तुम्ही ज्याला घाबरत आहात तो कुत्र्याचा मृत्यू मुलांना मोठ्यांइतका धक्का देत नाही, कारण पहिल्या दृश्यापासून त्याची तयारी होत आलेली असते आणि शेवटी इटलीत एन्झो नावाचा एक लहान मुलगा भेटायला येतो, ज्यातून मुले हवा तो अर्थ काढून मोकळी होतात. माझ्या मुलाला जड गेले ते वेगळेच. आई आजारी पडते आणि आजीआजोबा मुलीला बाबापासून दूर ठेवू पाहतात, हे त्याला सहन झाले नाही. ज्यांच्याकडे सुट्टीत जायचे ती माणसे असे वागू शकतात, हा प्रश्न त्याने मला पुढे महिनाभर विचारला. तेव्हा मुलीशेजारी बसून पाहा, आणि ईव्ह आजारी पडते तिथे थांबवून बोलण्याची तयारी ठेवा.

आणखी एक सांगते, कारण ते मला कोणी आधी सांगितले नव्हते. भुऱ्याबद्दल बोलण्याची वेळ आलीच तर 'झोपला' किंवा 'झोपवला' असे शब्द वापरू नका. आम्ही ते वापरले, आणि मुलगा दोन आठवडे दिवा लावून झोपला. पशुवैद्यांनी आम्हाला सांगितले की सरळ 'मेला' म्हणा, त्याचे शरीर थांबले म्हणा. बोलताना आपल्याच जिभेला ते जड जाते, मुलांना तितके जात नाही. मी तर त्या काळात कुत्र्याचे रिकामे भांडेसुद्धा लपवून ठेवले होते, आणि मुलाने ते शोधून काढून परत जागेवर ठेवले.

पहिल्या प्रश्नाबद्दल माझे फारसे मत नाही. मला कॉस्नर यांचा आवाज आवडला. काही वेळा इतके पुरते.

पंजा

सायंताराताईंच्या बोलण्यात एक भर घालते. मुलीला चित्रपटानंतर प्रश्न पडेल की भुऱ्यालाही असे सगळे कळते का. 'काहीच कळत नाही' असे उत्तर देऊ नका, कारण ते खरे नाही. चेसर नावाच्या एका बॉर्डर कॉली कुत्रीला हजाराहून अधिक खेळण्यांची नावे शिकवता आली होती, आणि २०११ साली तिच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच वेळी 'सगळे कळते' असेही म्हणू नका, कारण मग मूल त्याच्याकडून माणसासारख्या समजूतदारपणाची अपेक्षा धरते आणि एखाद्या दिवशी म्हाताऱ्या, दुखऱ्या कुत्र्याच्या गळ्यात पडून चावून घेते. बारा वर्षांच्या कुत्र्याच्या कमरेत दुखत असण्याची शक्यता असते. तो चित्रपटासारखा करुण चेहरा करून ते सांगणार नाही. बसताना एकदा घुटमळेल, मागचा एक पाय आधी टेकवेल, जिना चढण्यापूर्वी पायरीपाशी उभा राहून उगीच दुसरीकडे पाहील. निवेदन हवे असेल तर ते तिथे ऐकायला मिळते.

उंबरठा (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या विचारपूर्वक लिहिलेले प्रतिसाद मिळतील असे वाटले नव्हते. 'पंजा' यांचा प्रतिसाद वाचून मी उठून भुऱ्याला जिन्यापाशी नेले, आणि तो खरोखरच पायरीपाशी उभा राहून भिंतीकडे पाहू लागला. हे गेले काही महिने चालले असावे आणि मी त्याला आळशी समजत होतो. त्याला डॉक्टरांकडे दाखवले आहे, सांध्यांचे औषध सुरू झाले आहे.

'तिरकस' यांचा आक्षेप मला पटतो आणि तरी पूर्ण पटत नाही. सरमा विचारते, हाचिको गप्प बसतो, आणि एन्झो समजूत घालतो. तिघांपैकी समजूत घालणाऱ्याची किंमत कमी, हे मान्य. पण रात्री अकरा वाजता, एकट्या माणसाला, कधी कधी तोच हवा असतो.

शनिवारी मुलीबरोबर चित्रपट पुन्हा पाहिला. सायंतारा यांनी सांगितल्याप्रमाणे ईव्ह आजारी पडते तिथे मी थांबवले, पण तिला तिथे काही बोलायचे नव्हते. कुत्र्याचा मृत्यूही तिने शांतपणे पाहिला. ती रडली ती भलत्याच ठिकाणी. डेनी शर्यतीला गेलेला असतो, आजाराच्या भरात ईव्ह मुलीला घेऊन आईवडिलांकडे निघून जाते आणि एन्झो घरात एकटा कोंडला जातो, तो प्रसंग मला पहिल्या वेळी धड आठवतही नव्हता. त्याला भास होऊन कापडी झेब्रा जिवंत होतो, तिकडे तिचे लक्षच नव्हते. "त्याला पाणी कोण देणार?" असे तिने दोनदा विचारले. मी म्हटले, ते लोक परत येतात, पुढे बघ. तिने पुढे पाहिले नाही. उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तांब्या घेऊन भुऱ्याच्या भांड्यापाशी बसली. भांडे काठोकाठ भरलेले होते. तरी तिने वरून ओतले, आणि जमिनीवर सांडलेले पाणी भुऱ्याने बसल्या जागेवरून, न उठता, चाटून घेतले.